स्टिअरिंग आपल्या हाती, पाना कुणाच्या?

आठ मार्चच्या सुमाराला आपल्या बऱ्याच संघटनांच्या कार्यालयात एक फोटो लागतो. संस्थेच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसलेली कार्यकर्ती आणि खाली ‘चाक आता आमच्या हाती’ असं काहीतरी. आमच्याकडेही आहे. ती मैत्रीण गाडी शिकली तेव्हा तिच्या सासरी काय रण माजलं होतं ते मी पाहिलंय, त्यामुळे फोटोची टिंगल करायला हे लिहीत नाही. पण चाक आमच्या हाती आलं त्याला सात वर्षं झाली आणि या सात वर्षांत आमच्यापैकी एकीनेही बॉनेट उघडून आत वाकून पाहिलं नव्हतं. मैत्रिणींनो, तुमच्याकडे तरी कुणी पाहिलंय का?

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाच्या सुमाराला केजच्या पुढे, अंबाजोगाईच्या रस्त्यावर आमची गाडी बंद पडली. गाडीत चालवणारी मैत्रीण होती, मी होते, आणि मागे नवऱ्याने डोकं फोडलेली एक बाई व तिची दोन पोरं. चालती गाडी एकदम गप्प झाली. धूर नाही, मोठा आवाज नाही. मैत्रीण पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहिली. सेल्फ फिरत होता, उलट नेहमीपेक्षा हलका, सुरसुर फिरत होता, पण इंजिन काही पकडत नव्हतं. आम्हाला वाटलं डिझेल संपलं. त्या तासाभरात आम्ही दोघींनी जे जे केलं ते सगळं चुकीचं होतं, हे नंतर कळलं. मागून नवऱ्याची माणसं मोटारसायकलवरून येतील अशी त्या बाईला धास्ती होती आणि ती खोटी नव्हती. शेवटी एका दुधाच्या टेम्पोवाल्याने सगळ्यांना दवाखान्यापर्यंत सोडलं. माणूस भला निघाला. भला निघाला नसता तर काय, यावर आम्ही दोघी अजूनही बोलत नाही.

गाडी ओढून नेली. मिस्त्रींनी हेड खोललं आणि सांगितलं, टायमिंग बेल्ट तुटलाय, व्हॉल्व्ह वाकलेत. बिल झालं ३८ हजार. वेळेवर बेल्ट बदलला असता तर सामान-मजुरी मिळून सहा-सात हजारांत भागलं असतं. त्यांनी विचारलं, “मॅडम, बेल्ट शेवटचा कधी बदलला होता?” अध्यक्ष, समन्वयक, हिशेब ठेवणारी, गाडी चालवणारी, आम्हा कुणालाच अशी काही वस्तू गाडीत असते हेच ठाऊक नव्हतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याची कलमं झोपेत विचारली तरी सांगू आम्ही.

म्हणून आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, पिस्टन वरखाली होतात त्यांच्या जोरावर तो फिरतो. वर कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्हची उघडझाप करतो. खालच्याचे दोन फेरे झाले की वरच्याचा एक व्हायला हवा. हा मेळ ठेवतो तो टायमिंग बेल्ट, आतल्या बाजूला दाते असलेला रबरी पट्टा. त्यात काचतंतूंचे मजबूत धागे असतात, तरी शेवटी तो रबर. तो झिजतो, आणि नुसत्या वयानेही कडक होऊन भेगाळतो, गाडी दारात उभी असली तरी. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्येही पट्टाच होता. आता कितीतरी गाड्यांना त्याऐवजी साखळी असते, तेव्हा आपल्या गाडीला काय आहे हे पहिल्यांदा विचारून घ्या.

तुटण्याआधी हा पट्टा बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. तुटला की व्हॉल्व्ह असतील तिथे थांबतात, काही उघडे राहतात, आणि खालचे पिस्टन मात्र गाडीच्या वेगाने अजून फिरत असतात. डिझेल इंजिनात वर जागाच इतकी थोडी, की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. काही पेट्रोल इंजिनांत तेवढी जागा सोडलेली असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. व्हॉल्व्ह हलत नाहीत म्हणून आत दाब तयार होत नाही, आणि म्हणूनच सेल्फ हलका फिरतो. चालत्या गाडीचं इंजिन असं अचानक गेलं आणि सेल्फ हलका लागला, तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही, प्रत्येक वेळी आतलं नुकसान वाढू शकतं. हे एक वाक्य माहीत असतं तर त्या रात्रीचा तास आम्ही सेल्फ मारण्यात घालवला नसता, पहिल्या पाच मिनिटांत मदतीला फोन लावले असते.

कधी बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. किलोमीटर आणि वर्षं असे दोन आकडे असतात, जो आधी भरेल तो धरायचा. पुष्कळ गाड्यांना तो ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान येतो. आपल्यापैकी बहुतेकींच्या गाड्या जुन्या घेतलेल्या किंवा कुणी दिलेल्या. आधीच्या मालकाकडे नोंद नसेल तर बदललेला नाही असंच धरून चालायचं. आणि नुसता पट्टा बदलून गप्प बसायचं नाही. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर, सोबतच्या पुल्या, ज्या गाडीत त्याच पट्ट्यावर वॉटर पंप फिरतो तिथे तोही, हे सगळं एकाच वेळी करून घ्यायचं, कारण तिथवर पोचण्याची मजुरी तीच असते. पुलीमागच्या सीलमधून ऑइल गळत असेल तर तेही बदलायचं, ऑइल लागलेला नवा पट्टाही लवकर जातो.

हे काम मी केलं असं मुळीच सांगत नाही. मी दिवसभर गॅरेजात टॉर्च धरून उभी राहिले आणि विचारत राहिले. आधी बॅटरीची तार काढली, मग बाहेरचे पट्टे, पुली, झाकण. क्रँक आणि कॅम दोन्हीवरच्या खुणा जुळवल्या. नवा पट्टा चढवला, ताण दिला, आणि सेल्फ न मारता पान्याने हातानेच क्रँकचे दोन पूर्ण फेरे दिले. खुणा पुन्हा जुळल्या का ते पाहिलं. फिरवताना कुठे अडलं तर जोर करायचा नाही, थांबायचं. एक दाता जरी चुकला तरी सगळं मुसळ केरात. यात बाईला न कळण्यासारखं, न झेपण्यासारखं काय आहे ते मी शोधत होते. मला सापडलं नाही. पुली घट्ट बसली होती, तेव्हा मिस्त्रींनी पान्याला लांब पाइप लावला. एरवी हे काम ताकदीपेक्षा नीटनेटकेपणाचं आहे.

मग आजवर आमच्या गाडीचं कोण बघत होतं? ‘दादा’ बघत होते. प्रत्येक संघटनेत असे एक दादा असतात. कुणा कार्यकर्तीचा नवरा, कुणाचा दीर. ते गाडी गॅरेजला नेतात, आणतात, बिल देतात, आपण सही करतो. एकदा गावातल्या वजनदार घरातल्या सुनेची केस आमच्याकडे आली, आणि दादांचं त्या घराशी येणंजाणं होतं. त्या आठवड्यात गाडी चार दिवस गॅरेजात होती. ‘काम निघालं’ एवढंच आम्हाला कळलं. खरंच काम होतं का? मला आजही सांगता येत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. खरं-खोटं तपासण्याइतकं ज्ञान आमच्यात एकीकडेही नव्हतं. डॉक्टर बाईला ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणतो तेव्हा आपण चवताळून उठतो. आपल्या शरीराची माहिती आपल्याकडे हवी म्हणून शिबिरं घेतो. गाडीच्या बाबतीत तेच वाक्य आपण आपणहून स्वतःला ऐकवतो.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी, जी आपल्याला आवडणार नाही. गॅरेजात मला दिसलेली पोरं दलित होती, मुसलमान होती, बारा-तेराव्या वर्षी शाळा सुटून पाना हाती आलेली. तेलकट काळ्या हातांच्या कामाकडे आपण कसं पाहतो? समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात मला केसवर्क शिकवलं, नोंदी ठेवायला शिकवलं. ज्या गाडीतून केसला जायचं तिचं टायर बदलायला कुणी शिकवलं नाही, आणि मलाही ते शिकायचं असतं असं कधी वाटलं नाही. ते ‘त्यांचं’ काम होतं. इथे पुरुषसत्तेइतकीच जातही बॉनेटवर बसलेली आहे, आणि तिचा दोष एकट्या पुरुषांवर टाकता येणार नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या कार्यक्रमातून दलित आणि आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. ज्यांच्या शिवण्याने पाणी बाटतं म्हणत, त्यांनीच पंप उघडला आणि पाणी वर काढलं. त्यांतल्या कितीजणींना तर लिहितावाचताही येत नव्हतं. आणि आपण पदव्या घेऊन दादांची वाट बघतो. तिकडे इंग्लंडात १९४५ साली राजकन्या एलिझाबेथला लष्कराच्या महिला दलात गाडी चालवायला नि दुरुस्त करायला शिकवलं. युद्ध असलं की नाजूक हातांना पाना पेलतो, हा एक मौजेचा भाग.

काही मैत्रिणी म्हणतील, आधीच घर, संस्था, बैठका, आता हेही आम्हीच करायचं? रास्त प्रश्न आहे. सगळ्यांनी मिस्त्री व्हा असं मी म्हणत नाही. पण घरकाम हे काम आहे, न मोडलेल्या गोष्टी न मोडता ठेवण्यालाही श्रम लागतात, हे जगाला सांगणाऱ्या आपण. मग आपल्याच अंदाजपत्रकात देखभालीच्या रकान्यात शून्य कसं? नवीन गाडीसाठी प्रस्ताव लिहितो, पट्ट्यासाठी लिहीत नाही. देणाऱ्यांनाही गाडीवर स्वतःचं नाव रंगवायला आवडतं, वॉटर पंपावर नाव कुठे रंगवणार? त्यात सरकारची भर. विदेशी निधीच्या २०११ च्या नियमांत गाडी चालवण्याचा आणि तिच्या देखभालीचा खर्च प्रशासकीय खर्चात मोजला आहे, आणि २०२० च्या कायदादुरुस्तीने त्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. म्हणजे रात्री बाईला सुखरूप पोचवणं हा ‘कार्यक्रम’, आणि ज्याने ती पोचते तो पट्टा म्हणजे ‘वरखर्च’! यावर आपण एकत्र आवाज उठवायला हवा होता. कुठल्या बैठकीत या मुद्द्यावर पाच मिनिटं तरी बोलणं झालं?

आमच्या पुढच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. गाडीची वही कार्यालयात राहील, दादांच्या घरी नाही. तीत पट्टा, ऑइल, कूलंट, टायर, ब्रेक यांची तारीख आणि किलोमीटर लिहिले जातील. दर महिन्याला देखभालीचे पैसे बाजूला पडतील, कार्यक्रम कमी करावा लागला तरी. गाडी गॅरेजला जाईल तेव्हा आमच्यातली एक सोबत उभी राहील, आणि काढलेला जुना भाग परत मागून घेईल. तुमच्याकडे याला विरोध झाला तर कुणी केला आणि काय म्हणून केला, ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.

त्या रात्रीचा तुटलेला पट्टा मी कार्यालयात त्या फोटोच्या शेजारी खिळ्याला अडकवलाय. अध्यक्षताईंना तो तिथे नको आहे, भिंत काळी होते म्हणतात. अजून तरी काढलेला नाही.