‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’

देशात शिरायची परवानगी वेगळी आणि काम करायची परवानगी वेगळी, हे अमेरिकेतल्या मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. एच-४ व्हिसावर आलेली, उत्तम शिकलेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं घरी बसून हा फरक शिकली आहेत. आणि तरीही आपल्यातलीच हुशार मंडळी प्रयोगशाळेत संगणकासमोर बसली की इंटरनेटवर सापडलेला कोड आपल्या प्रोग्रॅममध्ये खुशाल चिकटवतात. विचारलं तर म्हणतात, ‘अहो, ओपन आहे ना ते!’

ओपन नसतं ते. दिसतं, एवढंच. अमेरिका १९८९ साली बर्न करारात सामील झाली, आणि तेव्हापासून इथेही कॉपीराइटसाठी कसली नोंद, कसली सूचना लागत नाही. लिहिलं की हक्क लिहिणाऱ्याचा, किंवा त्याच्या मालकाचा. फाइलबरोबर परवाना दिलेला नसेल तर त्याचा अर्थ ‘अट नाही’ असा होत नाही, ‘सर्व हक्क राखून’ असा होतो. गिटहबवर असा कोड तुम्ही वाचू शकता, तिथल्या तिथे त्याची प्रत करून ठेवू शकता. तो तुमच्या पॅकेजमध्ये घालून जगाला वाटायचा अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही. आपल्याकडे ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणतात. परदेशी राहून दिवाळी अंकांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणाऱ्या आपल्या समाजाला हे पथ्य जड जाणार, हे मला ठाऊक आहे. पण विज्ञानात याची किंमत फार मोठी पडते.

सगळ्यात जुनं आणि ठसठशीत उदाहरण म्हणजे ‘न्यूमेरिकल रेसिपीज’. १९८६ साली केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनानं छापलेलं हे पुस्तक भौतिकशास्त्राच्या प्रत्येक विभागात असायचं, बहुधा कॉफीचे डाग पडलेलं. त्यातला कोड टंकून घ्यावा आणि स्वतःच्या संगणकावर वापरावा. मूळ रूपात दुसऱ्याला देऊ नये, अशी अट लेखकांनी पुस्तकातच छापली होती. लेखकांना दोष देण्याचं काहीच कारण नाही. त्यांनी लपवलं काही नाही. पण अटीचं पान वाचलं कुणी? एका पिढीच्या शास्त्रज्ञांनी त्यातली फंक्शन्स उचलून आपापल्या प्रोग्रॅममध्ये घातली आणि ते प्रोग्रॅम ‘मुक्तपणे उपलब्ध’ म्हणून वाटले. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

आयराफचंच पाहा. दुर्बिणींतून आलेल्या प्रतिमांवर काम करण्यासाठी अ‍ॅरिझोनातल्या ट्युसॉन इथे, अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रकाशीय वेधशाळेत १९८०च्या दशकात तयार झालेलं हे सॉफ्टवेअर. पुण्याच्या आयुकात शिकलेल्या खगोलशास्त्रज्ञांनाही ते चांगलं परिचयाचं आहे. त्याचा स्वतःचा परवाना उदार होता, पण पोटात ‘न्यूमेरिकल रेसिपीज’मधला कोड होता. वेधशाळेनं पुढचं काम थांबवल्यावर हे जुनं सॉफ्टवेअर जिवंत ठेवायला स्वयंसेवक पुढे आले, तेव्हा त्यांना तो कोड एकेक करून शोधावा, काढावा आणि नव्यानं लिहावा लागला. या खटाटोपातून एकाही ताऱ्याबद्दल नवी माहिती मिळाली नाही. कुणीतरी तीस वर्षांपूर्वी एक पान वाचायचा कंटाळा केला, त्याची ही भरपाई.

लॉस अलामॉसच्या मार्क गलासी आणि जेम्स थायलर यांनी १९९६ साली जीएसएल ही गणिती लायब्ररी लिहायला घेतली, त्यामागेही ही अडचण होतीच. जीएसएल जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणून सायपायसारख्या बीएसडी परवान्याच्या प्रकल्पाला तिच्यातला कोड उचलता येत नाही. यावर काही जण नाकं मुरडतात. माझी तक्रार नाही. जीपीएलची अट कडक असेल, पण ती स्पष्ट आहे आणि सगळ्यांना सारखी आहे.

माझी खरी तक्रार आहे ती दुसऱ्याच एका वाक्याबद्दल: ‘फक्त शैक्षणिक, अव्यावसायिक वापरासाठी.’ विद्यापीठांची तंत्रज्ञान-हस्तांतरण कार्यालयं हे वाक्य अत्तर शिंपडावं तसं सगळीकडे शिंपडतात. ऐकायला किती सात्त्विक! जणू ज्ञानाचं मंदिर बाजारापासून सोवळं ठेवलंय. प्रत्यक्षात ही अट कुणाला अडवते ते बघा. मोठी कंपनी वकील लावते, पैसे मोजते, नाहीतर स्वतःच्या माणसांकडून लिहून घेते. अडतो तो पीएचडी संपवून छोट्या कंपनीत लागलेला मुलगा, ज्याला स्वतःच्याच प्रबंधाचा प्रोग्रॅम आता चालवता येत नाही. मराठवाड्यात पाणलोटाचं काम करणारी, सरकारकडून फी घेणारी चार माणसांची संस्था व्यावसायिक की अव्यावसायिक? कन्सल्टन्सी घेणारं इंजिनिअरिंग कॉलेज? निवृत्त प्राध्यापक? उत्तर कुणालाच माहीत नसतं, आणि ज्याच्याकडे वकील नाही तो घाबरून हात काढून घेतो.

विखुरलेल्या पर्जन्यमापकांच्या आकड्यांवरून समपर्जन्य रेषा काढायच्या असतील तर आर भाषेत अनेक जण ‘अकिमा’ हे पॅकेज वापरत. त्यातला मूळ कोड एसीएम या संस्थेच्या नियतकालिकातून आलेला, आणि त्या संस्थेचा परवाना अव्यावसायिक वापरापुरता. त्यावर उभारलेल्या प्रत्येक पॅकेजच्या पायात ती बेडी. शेवटी ‘इंटर्प’ नावाचं दुसरं पॅकेज मुक्त परवान्याखाली लिहावं लागलं, तेच काम करायला. जाळी पाडणारा ‘ट्रायँगल’ हा प्रोग्रॅम इतका चांगला आहे की अभियंते आजही त्याचं नाव घेतात. पण व्यावसायिक उत्पादनातून तो वाटायचा तर लेखकाची वेगळी परवानगी लागते, म्हणून डेबियननं तो ‘नॉन-फ्री’ कप्प्यात ठेवला आहे. ओपन सोर्सची १९९८ पासून मान्य असलेली व्याख्या स्पष्ट सांगते की वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव करता येणार नाही. तेव्हा अशी अट खुशाल घाला, तो तुमचा हक्क आहे. पण मग अनुदानाच्या अर्जात ‘ओपन सोर्स’ असं लिहू नका.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘आमच्या मेहनतीवर कंपन्या गबर होतील.’ होऊ द्यात की! लॅपॅक बीएसडी धाटणीच्या परवान्याखाली आहे. ती कंपन्यांनी घेतली, आपल्या उत्पादनांत घातली, पैसे कमावले. त्यात विज्ञानाचं काय गेलं? आज नमपायमध्ये मॅट्रिक्स सोडवणारा प्रत्येक विद्यार्थी तिच्याच जिवावर सोडवतो, आणि त्या कामातले एक अग्रणी जॅक डोंगारा यांना २०२१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आणि पैसे हवेच असतील तर एमआयटीनं एफएफटीडब्ल्यूबाबत केलं तसं करा. जीपीएलखाली सगळ्यांना द्या, ज्यांना जीपीएल नको त्यांना वेगळा परवाना विका. मॅटलॅब एफएफटीडब्ल्यू वापरतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कारण नाही.

दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक असतं: ‘कोण कोर्टात खेचणार आहे?’ बहुतेक वेळा कुणीच नाही, हे खरं. पण नुकसान कोर्टात होत नाही, ते असं होतं. मी ज्या विद्यापीठात संशोधकांचे प्रोग्रॅम नीटनेटके करायचं काम करते, तिथे एक जुना प्रोग्रॅम जगासाठी खुला करायचं ठरलं. एका फाइलच्या माथ्यावर फक्त कुणाचं तरी पहिलं नाव आणि ‘याच्याकडून घेतलं’ एवढीच ओळ. दोन पोस्टडॉकना विचारत तो गृहस्थ सापडला. ‘वापरा की,’ म्हणाला. पण त्यानं ते लिहिलं तेव्हा तो दुसऱ्या विद्यापीठाच्या पगारावर होता, म्हणून हक्क त्यांचा. तिथल्या कार्यालयानं फॉर्म पाठवला: या सॉफ्टवेअरपासून अपेक्षित उत्पन्न किती? आठ महिने पत्रव्यवहार चालला, मग उत्तरंच थांबली. शेवटी तो कोड कधीच न पाहिलेल्या एका सहकाऱ्याला मूळ पेपरमधली सूत्रं दिली आणि त्यानं चार दिवसांत ते नव्यानं लिहिलं. सूत्रावर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या ओळींवर असतो, म्हणून हा रस्ता तरी उरला. या आठ महिन्यांत तीन गट आमच्याकडे तो प्रोग्रॅम मागत होते, आणि आम्हाला देता येत नव्हता.

म्हणून आळस आणि अज्ञान यांच्याकडे मी आता समजुतीनं बघत नाही. पीएचडीच्या विद्यार्थ्याला संदर्भसूचीत स्वल्पविराम कुठे द्यायचा हे शिकवतात, पण दुसऱ्याचा कोड घेताना नाव, गाव आणि परवाना लिहून ठेवायला शिकवत नाहीत. एनआयएचचं २५ जानेवारी २०२३ पासून लागू झालेलं धोरण डेटा वाटण्याचा आराखडा मागतं. सॉफ्टवेअर त्या सक्तीत नाही. नियतकालिकं ‘कोड विनंती केल्यास मिळेल’ हे वाक्य अजून छापतात, आणि विनंती करून पाहिलेल्या कुणालाही विचारा काय मिळतं ते.

या अंकाचे वाचक विद्यापीठांत प्राध्यापक आहेत, अनुदानांच्या समित्यांवर आहेत, पेपर तपासतात. पुढचा पेपर हातात आला की कोडचा दुवा उघडा आणि परवान्याची फाइल शोधा. नसेल तर तसं लिहून पेपर परत पाठवा. ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ २०१६ पासून मान्यताप्राप्त मुक्त परवान्याशिवाय पेपर घेतच नाही, आणि ते स्वयंसेवकांच्या बळावर चालतं. वर्गणीपोटी ग्रंथालयांकडून हजारो डॉलर घेणाऱ्या नियतकालिकांना एवढी एक फाइल मागणं का जमत नाही, हे त्यांच्या संपादकांनी आपल्याला सांगावं.