वाळवणाचे यंत्र घेताना

मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या वहिनी दुपारची कामे आटोपून आमच्याकडे आल्या. हातात मोबाईल आणि त्यात एका यंत्राची जाहिरात. गोल डबा, एकावर एक पाच जाळीच्या ताटल्या, त्यात सफरचंदाच्या आणि केळ्याच्या चकत्या मांडलेल्या. "ताई, यात फळं-भाज्या वाळतात म्हणे. सहा हजाराला आहे, हप्त्यानं मिळतंय. घेऊ का?"

वहिनी चार घरची कामे करतात, त्यांचे मिस्टर रिक्षा चालवतात. सहा हजार रुपये ही त्या घरात लहान रक्कम नाही. पण विचारण्यामागे कारण होते. धाकटी मुलगी पाचवीत आहे. शाळेच्या तपासणीत तिच्या अंगात रक्त कमी निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावले की मधल्या सुट्टीतली दहा रुपयांची चटपटीत पाकिटे बंद करा, घरचे खायला द्या. आता घरचे म्हणजे रोज काय द्यायचे? सकाळी सहाला घर सोडणाऱ्या आईपुढचा हा प्रश्न. जाहिरातीने त्यावर नेमके बोट ठेवले होते.

आम्ही लगेच हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. कारण या बाबतीत आमचा हात एकदा पोळला आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही असेच एक स्वस्तातले यंत्र घेतले. त्याला फक्त चालू आणि बंद एवढेच बटण होते. हौसेने दोन डझन केळी कापून लावली. पाच-सहा तासांत चकत्या वरून कडक झाल्या. आम्ही खूश होऊन डबा भरला. दहाव्या दिवशी झाकण उघडले तर पांढरी-हिरवी बुरशी. केळी गेली, वीज गेली आणि यंत्र माळ्यावर गेले. चूक यंत्राचीही होती आणि आमचीही. पदार्थ वाळतो कसा, हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

ते आधी समजून घेऊ. वाळवणे म्हणजे शिजवणे नव्हे. पदार्थातले पाणी काढून टाकायचे, म्हणजे बुरशीला आणि जंतूंना वाढायला ओल मिळत नाही. टोमॅटोमध्ये शंभरात सुमारे ९४ भाग पाणी असते, सोललेल्या केळ्यात सुमारे ७५ भाग. हे पाणी बाहेर काढायला दोन गोष्टी लागतात. बेताची उष्णता आणि खेळती हवा. उष्णता जास्त झाली की वरचे साल आधी आवळते, आतले पाणी आतच कोंडते आणि वरून कडक दिसणारी चकती आतून ओली राहते. आमच्या केळ्यांचे हेच झाले होते.

उष्णतेपेक्षाही पुष्कळदा हवा महत्त्वाची असते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात बेदाणा तयार होतो तो कडक उन्हात नव्हे. द्राक्षे द्रावणात बुडवून काढतात आणि छपराखाली, सावलीत, जाळ्यांवर पसरतात. चारी बाजूंनी वारा खेळतो आणि साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. त्याला विजेचा डबा लागत नाही.

आणि वाळवण आपल्या घरांना नवीन थोडेच आहे? आपल्या आज्या-आयांनी गवार, भेंडी, वांग्याच्या फोडी, मेथी, सुकट, बोंबील सारे वाळवून ठेवले. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, दोरीवर वाळवून चान्या केल्या. ज्या घरात उद्याच्या जेवणाची खात्री नव्हती, तिथे ती बेगमी होती. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या या खाण्याची नोंद केली, तेव्हा कुठे ते छापील पानावर आले. सांगायचे तात्पर्य, ज्या गोष्टीसाठी आज चकचकीत जाहिरात दाखवतात, ती विद्या आपल्या घरात होतीच. तेव्हा यंत्राकडे भारावून पाहण्याचे कारण नाही. ते गरम हवा फिरवणारे एक खोके आहे, एवढेच.

मग ते घ्यावे कोणी? याचे उत्तर तुम्ही राहता कुठे त्यावर आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जालना या भागात एप्रिल-मे महिन्यांत ऊन कडक आणि हवा कोरडी असते. तिथे गच्ची किंवा अंगण असेल तर स्वच्छ पांढरे कापड, वर मच्छरदाणी, खाली हवा जायला बाज, एवढ्यावर काम होते. सहा हजार खर्च करण्याचे कारण नाही. मुंबईत, ठाण्यात, कोकणपट्टीत मात्र हवाच दमट. पापड-कुरड्या निघतात, पण रसाळ फळाच्या चकत्या दोन दिवसांत आंबूस होतात. शिवाय चाळीत किंवा झोपडीत राहणाऱ्याला गच्ची नसते, रस्त्याची धूळ असते, कबुतरे असतात. पावसाळ्यात तर सगळीकडेच ऊन दुर्मीळ. तिथे यंत्राचा खरा उपयोग आहे.

दोन्हींच्या मधला मार्गही आहे. आतून काळा रंग दिलेली, वर काच बसवलेली लाकडी पेटी. खाली आणि वर हवेसाठी जाळी लावलेली भोके ठेवायची. तापलेली हवा वरून निघते, खालून नवी येते. धूळ-माश्या आत जात नाहीत आणि विजेचे बिल नाही. उन्हावर चालणाऱ्या सुधारलेल्या यंत्रांवर छत्रपती संभाजीनगर भागात शेतकरी स्त्रिया कांदा, टोमॅटो वाळवून कमाई करत आहेत. ही यंत्रे देणाऱ्या एस फोर एस टेक्नॉलॉजीज या आपल्याकडच्या संस्थेला २०२३ साली अर्थशॉट हे जागतिक पारितोषिक मिळाले. म्हणजे ऊन वापरणे हा काही मागासपणा नव्हे.

आता हिशेब. वहिनींबरोबर आम्ही वही घेऊन बसलो. एक डझन केळी ६० रुपयांची धरली. सोलून अंदाजे एक किलो गर. त्यातून वाळलेल्या चकत्या निघतात साधारण ३०० ग्रॅम. यंत्र ३०० वॅटचे असेल आणि दहा तास चालले तर जास्तीत जास्त तीन युनिट वीज. युनिटला ८ रुपये धरले तर २४ रुपये. एकूण ८४ रुपये. रोज ३० ग्रॅम दिले तर दहा दिवस पुरेल, म्हणजे दिवसाला साडेआठ रुपये. पाकीट दहा रुपयांचे. वाचले किती? दीड रुपया. या वाचवलेल्या पैशातून सहा हजार फिटायला मुलगी कॉलेज संपवील!

वहिनी जरा खट्टू झाल्या. आम्ही म्हटले, "अहो वहिनी, पाच रुपयांचं ताजं केळ डब्यात द्या की. त्यात तर वीजही नाही लागत." खरेच आहे ते. ताजे फळ, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, फुटाणे, उकडलेले अंडे यांपुढे वाळवलेल्या चकत्यांची मिजास नको. वाळवताना क जीवनसत्त्व बरेच कमी होते. लोह अंगी लागायला तेच हवे असते, म्हणून जेवणात लिंबाची फोड द्यावी. रक्त कमी असलेल्या मुलाच्या गोळ्या तर कोणत्याही खाऊसाठी बंद करू नयेत. आणि वाळलेल्या फळात साखर एकवटलेली असते. एका केळ्याच्या चकत्या मूठभरच होतात, त्यामुळे नकळत तीन-चार केळी पोटात जातात. मधुमेह असलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मुलांनी खाऊन झाल्यावर चूळ भरावी, कारण हे दाताला चिकटते.

मग यंत्र कामाचे केव्हा? माल स्वस्त असेल तेव्हा आणि ताटल्या पूर्ण भरल्या तेव्हा. एक ताटली लावली काय नि पाच लावल्या काय, विजेत फारसा फरक पडत नाही. हिवाळ्यात टोमॅटो मातीमोल होतो, तेव्हा चकत्या वाळवून भुकटी करावी. एक किलोतून ६०-७० ग्रॅमच निघते, पण पावसाळ्यात टोमॅटो महागला की आमटीला चमचाभर पुरते. आवळा किसून, सैंधव, जिरे, आल्याचा रस लावून वाळवला की मुले चॉकलेटसारखा चघळतात. हंगामाच्या शेवटी स्वस्त झालेल्या आंब्याचा रस पसरून पोळी करावी. शेवग्याचा पाला फुकट मिळतो. तो धुऊन, वाळवून, चुरून थालीपिठात नि भाकरीच्या पिठात घालावा. मेथी आणि कढीपत्त्याचेही तसेच. खाऊ तर होतोच, शिवाय घरखर्चही हलका होतो.

घ्यायचेच ठरले तर दुकानात काय पाहावे ते सांगतो. पहिली गोष्ट, उष्णता ठरवण्याचे बटण. साधारण ३५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत ती कमीजास्त करता आली पाहिजे. ते नसेल तर यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नका. पाल्याला ४० अंशांच्या आसपास पुरे, फळांना आणि भाज्यांना ५५ ते ६०. दुसरे, पंखा असलाच पाहिजे. तो मागच्या बाजूला असेल तर सगळ्या ताटल्यांना सारखी हवा लागते. तळाला असेल तर यंत्र स्वस्त पडते, पण दर दोन तासांनी ताटल्यांची अदलाबदल करावी लागते. तिसरे, ताटल्या स्टीलच्या किंवा खाद्यपदार्थांसाठीच बनवलेल्या प्लॅस्टिकच्या असाव्यात आणि सहज धुता याव्यात. रस पसरण्यासाठी सपाट पत्रा मिळतो का, ते विचारा. चौथे, तीन पिनांची वायर, पक्के बिल, आणि पंखा किंवा कॉईल बिघडली तर जवळपास दुरुस्त होईल का. पाचवे, ते ठेवणार कुठे? दहा तास घरघरणारे खोके एका खोलीच्या घरात लहानांच्या हाताला लागता कामा नये. ते लावून घर बंद करून कामाला जाऊ नये. आणि हप्त्याचे व्याज व इतर आकार धरून एकूण किती पडते, हे सही करण्याआधी कागदावर मांडा.

वापरताना चकत्या सारख्या कापा, पाव इंचाहून जाड नको. केळ्याला, सफरचंदाला लिंबाचा रस लावला की काळे पडत नाहीत. गाजर, बीट, फरसबी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे काढून मग वाळवावी. झाले की पूर्ण थंड होऊ द्या, नाहीतर डब्यात वाफ धरते. काचेच्या बरणीत सैल भरून आठवडाभर रोज हलवा. काचेवर ओलावा दिसला तर पुन्हा वाळवा, बुरशी दिसली तर सगळे टाकून द्या. मांस-मासळीच्या वाटेला नवख्यांनी जाऊ नये. मांस आधी आतपर्यंत ७१ अंश तापलेच पाहिजे, नुसत्या गरम हवेवर विसंबणे धोक्याचे.

हे सारे ऐकून वहिनी उठल्या आणि काही न बोलता गेल्या. आम्हाला वाटले, हिरमुसल्या. पण चार दिवसांनी त्या महिला मंडळातल्या आणखी तिघींना घेऊन आल्या. चौघींनी दीड-दीड हजार काढायचे, हप्ता नको, व्याज नको. यंत्र मंडळाच्या खोलीत राहील. तिथे दिवसा कोणी ना कोणी असतेच. भिंतीला वही टांगायची. जिने जितके तास वापरले तिने तितक्या तासांचे विजेचे पैसे डब्यात टाकायचे. आठवड्यातून दोन दिवस चौघींचा माल एकदम लावायचा, म्हणजे एकही ताटली रिकामी नाही. पुढे विकायचा विचार झाला तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी आधी करायची, हेही त्यांनी वहीत लिहून ठेवले आहे.

पहिल्या रविवारी आवळा लागला. वहिनींच्या धाकटीने किसायला हात लावला आणि निम्मा किस वाळायच्या आधीच संपवला. असो. तो पोटातच गेला, पाकिटावर दहा रुपये तर गेले नाहीत.

तुमच्या घरी काय वाळवतात, कसे वाळवतात, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. तुमच्या आजींच्या हातची एखादी रीत असेल तर ती आधी लिहून काढा. यंत्र दुकानात केव्हाही मिळेल, पण ती रीत आजींकडूनच मिळायची.