मर्सिडीझला साधा प्लग

गाडी जितकी बडी, तितका तिचा प्लग भारी हवा, अशी आपल्याकडे एक ठाम समजूत आहे. मीही तिच्यातच वाढलो.

सासऱ्यांची ई-२२० आमच्या दारात आली. पुण्यात १९९५ पासून ज्या मर्सिडीझ तयार होऊ लागल्या, त्यांतले हे पहिल्या फळीतले मॉडेल. सिग्नलला थांबली की मिसिंग मारायची. प्लग झिजले होते, हे खरेच. "साहेब, भारीतले इरिडियम टाकलेत," असे गॅरेजवाल्याकडून ऐकून मी खुशीने बिल भरले. मिसिंग तसेच! दुसऱ्या खेपेला निदान झाले, इंजिन उतरवावे लागेल. घरात 'विकून टाका'चा ठराव मंजूर व्हायच्या बेतात असताना सौ. म्हणाली, "बाबांनी गाडीचं पुस्तक जपून ठेवलंय, ते एकदा उघडून तर बघा."

पुस्तकात होता तांब्याच्या गाभ्याचा, बिनरेझिस्टरचा साधा प्लग आणि गॅप ०.८ मिलिमीटर. या गाडीत रेझिस्टर प्लगच्या टोपीतच असतो, म्हणून प्लगमध्ये तो नको. इरिडियम झिजतो सावकाश, एवढाच त्याचा मोठेपणा. त्याने इंजिनाला जादा बळ येत नाही. आकड्यांचाही घोळ आहे. बॉशचा आकडा वाढला की प्लग 'गरम', एनजीकेचा वाढला की 'थंड'. तेव्हा दुसऱ्या कंपनीचा प्लग घेताना तक्ता पाहिल्याशिवाय दुकानदाराच्या "चालतंय हो"वर जाऊ नये.

आता गॅप. हॅक्सॉचे पाते घालून अंदाजाने गॅप लावणारे मिस्त्री आपण पाहिले आहेत. स्कूटरला ते खपून जाई. इथे फिलर गेजच हवे. ०.८चे पाते किंचित घासत सरकले पाहिजे. गॅप जास्त झाली तर कॉइलवर ताण, कमी झाली तर आयडलिंगला ठिणगी अपुरी. वाकवायची ती फक्त वरची वाकडी पट्टी, आणि तीही मधल्या टोकावर जोर न देता. 'गॅप लावूनच येतात' म्हणतात, पण वाटेत हातातून पडलेल्या प्लगचे काय? आमच्या भारीतल्या चारांपैकी एकाची गॅप जवळजवळ मिटलेली निघाली!

हेड ॲल्युमिनियमचे, म्हणून इंजिन पूर्ण थंड होऊ दिले. पहिले आटे हातानेच फिरवले, मग पाना. सौ. बॅटरी धरून उभी होती. 'विकून टाका' पक्षाचे पुढारी म्हणजे आमचे चिरंजीव. ते हल्ली रविवारी किल्ली मागतात.