आधी ग्रामसभेला विचारा

‘तोरणमाळचं महाबळेश्वर करू’ हे आश्वासन आमच्या नंदुरबार जिल्ह्यात इतकं जुनं झालंय, की ऐकून आता कुणी मान वर करत नाही. साताऱ्यात मात्र तसलंच स्वप्न कागदावर उतरलंय. ‘नवीन महाबळेश्वर’चा प्रारूप आराखडा रस्ते विकास महामंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केला. सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली २३५ गावं, शेजारी कास आणि कोयना अभयारण्य. हरकतींना मुदत महिन्याची, तीही ऐन भातकापणीत!

तिथली खरी धास्ती पाण्याची आहे. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, माती जेमतेम, म्हणून सातबाऱ्यावर तो ‘पोटखराब’. पण पावसाचं पाणी त्याच सड्याच्या जांभ्या खडकात मुरतं आणि खालच्या वाडीत झरा होऊन निघतं. वर बंगले उठले, कूपनलिका खोदल्या, की खालच्यांनी टँकरची वाट बघायची. गिरिस्थानांसाठी १९९६ साली आणलेल्या धोरणातून लवासा उभं राहिलं. २०१० मध्ये केंद्राने काम थांबवलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. डोंगर काही पूर्ववत झाले नाहीत.

गंमत म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदाही १९९६ चाच. तोरणमाळचा अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. त्यामुळे भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत तिथे बंधनकारक आहे. साताऱ्याच्या वाड्यांकडे हे कवच नाही, आमच्याकडे आहे. ते वापरायचं कुणी शिकवलं का, हा वेगळा प्रश्न.

ग्रामसभेला विचारायचं कशासाठी? सातपुड्यात मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून ठेवलेला असतो, म्हणजे फूल चटकन दिसावं. उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन हजर. कोणतं झाड कुणाच्या घरचं, हे पाड्यावरच्या पोरालाही ठाऊक. नकाशावर मात्र ती जागा मोकळीच दिसते.

तोरणमाळला चांगला रस्ता हवा, दवाखान्यात डॉक्टर हवा, पोरांना काम हवं. याला कुणाची ना नाही. पण ‘विकास’ म्हटलं की अक्राणी-अक्कलकुव्याच्या लोकांना सरदार सरोवर धरण आठवतं. महाराष्ट्रातली ३३ गावं त्यात बाधित झाली, सगळी याच दोन तालुक्यांतली.

म्हणून जिल्हा प्रशासनाला एवढीच विनंती: तोरणमाळचा कुठलाही आराखडा आखण्याआधी पाड्यापाड्यावर सभा घ्या, तीही पावरी-भिली बोलींत. तिथल्या यशवंत तलावाचं पाणी आधी कुणाला, हेही त्या सभांमध्येच ठरू द्या.