पिशवी रिकामी, पोटही रिकामं

संक्रांतीच्या आठवड्यात थोरल्या बहिणीकडे बंगळूरला गेले होते. भाचा आणि सून दोघंही नोकरी करतात, घर बेळ्ळंदूरला. मी पोचले तेव्हा शेजारच्या घरातून अवरेकाळूच्या फोडणीचा वास येत होता. अवरेकाळू म्हणजे आपला पावटा. थंडीत बंगळूरला त्याचं राज्य असतं. उपमा त्याचा, आमटी त्याची, तांदळाच्या रोटीतसुद्धा तोच. जानेवारीत त्याचा खास मेळाही भरतो. माझ्या ताईला पावटा जीव की प्राण! एरवी तिनं शेजारणीकडे वाटी पाठवली असती. पण त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर ताई नव्हतीच. ती आतल्या खोलीत अर्धी वाटी पेज घेऊन बसली होती.

नोव्हेंबरात ताईच्या मोठ्या आतड्याला अचानक छिद्र पडलं. रात्रीतून ऑपरेशन झालं आणि जीव वाचला. पण आतड्याचा बिघडलेला भाग काढून वरचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर आणावं लागलं. यालाच कोलोस्टॉमी म्हणतात. पोटावरच्या त्या लालसर, ओलसर तोंडाला स्टोमा म्हणतात. मल तिथून एका पिशवीत जमा होतो. ताईची कोलोस्टॉमी तात्पुरती आहे. काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून आतडं पुन्हा जोडायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

"मग अडलं कुठं?" मी भाच्याला विचारलं.

"मावशी, आईचं वजन उतरतच चाललंय. सर्जन म्हणाले, अशी अशक्त असताना दुसरं ऑपरेशन करता येणार नाही. आधी अंगात ताकद आली पाहिजे."

रात्री ताईजवळ बसले तेव्हा खरं कारण कळलं. "अगं, खाल्लं की पिशवी भरते," ती हळूच म्हणाली. "वारा सरतो त्याचा आवाज होतो. तो आपल्या हातात नसतो. सूनबाईसमोर, जावयासमोर लाज वाटते. म्हणून मी दुपारी एकनंतर काही खातच नाही. कुणी येणार असलं, तर सकाळपासूनच उपास."

वाचकहो, हे सगळं सविस्तर सांगतेय, कारण असं करणारी माझी ताई एकटी नाही. पिशवी रिकामी राहावी म्हणून पोट रिकामं ठेवायचं, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. प्रत्यक्षात तो उलटा पडतो.

आपण जेवलो नाही, म्हणून आतडी थांबत नाहीत. पाचकरस पाझरत राहतात, आतड्यांची हालचाल चालू राहते. बोलताना, चहा पिताना, आवंढा गिळताना हवा पोटात जातच असते. अन्न नसलं की नुसतीच हवा फिरते. पोट गुडगुडतं, डब्ब होतं आणि वारा जास्त सरतो. म्हणजे ज्या आवाजाच्या भीतीनं ताई उपाशी राहत होती, तोच आवाज उपासानं वाढत होता! शिवाय जखम भरायला लागणारी प्रथिनं मिळत नव्हती. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी तर असा उपास धोक्याचाच, कारण रक्तातली साखर एकदम उतरू शकते.

एक साधी वही

दुसऱ्या दिवशी भाच्यानं एक वही आणली. तिच्यात तीनच रकाने आखले. काय खाल्लं आणि किती वाजता, पिशवीत काय आलं आणि किती वाजता, आणि त्रास काय झाला. कुठला पदार्थ कुणाला बाधेल, हे दुसऱ्या कुणाला ठामपणे सांगता येत नाही. एकाला कांदा सोसतो, दुसऱ्याला दूध सोसत नाही. म्हणून नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही थोडा आणि शक्यतो दिवसा घ्यायचा. त्रास झाला तर दोन-तीन आठवडे थांबून पुन्हा बघायचं. एकदा बाधला म्हणून कायमचा बंद करायचा नाही.

चार दिवसांत वहीनं एक गंमत दाखवली. रोज संध्याकाळी ताईचं पोट फुगायचं आणि दोष पेजेवर जायचा. खरा दोष होता शहाळ्याच्या नळीचा! सून रोज दुपारी कोपऱ्यावरून शहाळं आणायची आणि ताई ते नळीनं ओढायची. नळीतून पाण्याबरोबर हवाही पोटात जाते. पाणी पेल्यात ओतून घोटघोट प्यायला लागल्यावर फुगणं बरंच कमी झालं. बुडबुड्यांची शीतपेयं, च्युइंग गम, घाईघाईनं जेवणं आणि घास तोंडात असताना बोलणं, यांनीही हवा पोटात जाते.

काय खावं, कसं खावं

ऑपरेशननंतर पहिले सहा-आठ आठवडे आतडं सुजलेलं असतं. तेव्हा मऊ आणि कमी चोथ्याचं अन्न बरं. मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, इडली, दही, ताक, उकडलेला बटाटा, दुधी किंवा पडवळाची बिया काढून शिजवलेली भाजी, पिकलं केळं, साल काढून शिजवलेलं सफरचंद. ताकदीसाठी डाळीचं घट्ट वरण आणि पनीर. खाणाऱ्यांनी अंडं किंवा मऊ शिजवलेला मासा घ्यावा. तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खावं, वेळा ठरलेल्या असाव्यात आणि घास अगदी बारीक चावावा. रात्री पिशवी फार भरते असं वाटलं, तर रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं करावं, टाळू नये.

ताईची चूक इथंच झाली होती. रुग्णालयातून घरी येताना मिळालेल्या कागदावर 'हलका आहार' एवढंच लिहिलं होतं. तो किती दिवस, हे कुणी सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. दहा आठवडे झाले तरी ती पेजेवरच! जखम भरली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की हळूहळू नेहमीच्या जेवणाकडे वळायचं असतं. कोलोस्टॉमीच्या बहुतेक रुग्णांना पुढे घरचंच साधं जेवण चालतं.

वाऱ्यासाठी बदनाम पदार्थ आपल्या ओळखीचेच आहेत. पावटा, वाल, छोले, राजमा, कोबी, फ्लॉवर, मुळा, कच्चा कांदा. अंडी, मासे, लसूण आणि कांद्यानं वास वाढू शकतो. ताक आणि दह्यानं तो कमी होतो, असा अनेकांचा अनुभव आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. आजच्या चांगल्या पिशवीतून वास बाहेर येत नाही. तो फक्त पिशवी रिकामी करताना येतो. एरवीही येत असेल, तर दोष जेवणाचा नसून पिशवी कुठेतरी सुटली आहे, असं समजावं.

जुलाब झाले तर भात, केळं, उकडलेला बटाटा, साबुदाण्याची पेज आणि ताक घ्यावं. अंगातलं पाणी आणि क्षार जातात, म्हणून औषधांच्या दुकानातली जलसंजीवनी घ्यावी. ती मिळाली नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावं. चमचा चहाचा, छोटा. दिवसभरात जुलाब थांबले नाहीत, तर डॉक्टरांना गाठावं.

मलावरोध झाला तर आधी पाणी पुरेसं पोटात जातंय का ते पाहावं. ऑपरेशननंतरच्या काही वेदनाशामक गोळ्यांनी आणि लोहाच्या गोळ्यांनीही मल घट्ट होतो. पाणी, शिजवलेली फळं आणि घरातल्या घरात चालणं, हे पहिले उपाय. रेचक, एरंडेल किंवा एनिमा स्वतःच्या मनानं मुळीच घेऊ नये.

हा सगळा सल्ला मोठ्या आतड्याच्या कोलोस्टॉमीसाठी आहे. लहान आतडं बाहेर आणलेलं असेल, तर त्याला इलिओस्टॉमी म्हणतात. तिच्यात पाणी आणि मीठ फार जातं आणि चोथ्यानं वाट अडण्याची भीती जास्त असते. त्या रुग्णांचा आहार डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

भिऊ नये अशा आणि भ्यायलाच हवं अशा गोष्टी

एकदा ताईनं बीटची कोशिंबीर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत लाल दिसलं म्हणून घरभर रडारड झाली. तो बीटचा रंग होता. लोहाच्या गोळ्यांनी मल काळा दिसतो, तोही त्यातलाच प्रकार. ताईसारखं खालचं गुदाशय जागेवर ठेवलं असेल, तर अधूनमधून नेहमीच्या वाटेनं चिकट शेंब पडते. ते आतड्याच्या अस्तराचं काम आहे, आजार नव्हे. पुसताना स्टोमाला रक्ताचा एखादा ठिपका आला, तरी घाबरायचं कारण नाही.

पण पोट फुगलंय, कळा येताहेत, उलट्या होताहेत आणि पिशवीत मल नाही, वाराही नाही, असं झालं तर खाणं थांबवून लगेच रुग्णालयात जावं. स्टोमाचा रंग काळा-जांभळा झाला, रक्त थांबेना किंवा ताप चढला, तरीही वाट पाहू नये.

आणखी एक गोष्ट बेळ्ळंदूरच्या घरात नजरेला पडली. तिथं बऱ्याच घरी पिण्याचं पाणी वीस लिटरच्या कॅननं येतं. सून कामावर गेली की ताई तो कॅन स्वतः सरकवायची! पोटाचा स्नायू कापून स्टोमाची वाट केलेली असते. पहिले दोन-तीन महिने जड उचललं, तर तिथं हर्निया होण्याची भीती असते. पाण्याचा कॅन, गॅसचा सिलिंडर, नातवंडाला कडेवर घेणं, सगळं बंद.

पिशवी एक-तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करावी. स्टोमा पहिल्या काही आठवड्यांत आक्रसतो, म्हणून चकतीचं भोक पुन्हा मोजून कापावं लागतं. ते सैल राहिलं की मल कातडीला लागून आग होते.

एका बहिणीची गोष्ट

या पिशवीची कथा ताईला मी मुद्दाम सांगितली. १९५४ साली डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेनसेन नावाची परिचारिका होती. तिच्या बहिणीला, थोराला, स्टोमा करावा लागला होता. गळण्याच्या भीतीनं थोरा घराबाहेर पडेना. तेव्हा एलिसेच्या मनात कातडीला चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीची कल्पना आली. प्लॅस्टिकचा कारखाना असलेल्या आगे लुई-हान्सेन यांनी ती बनवली. त्यासाठी त्यांच्या पत्नीनं आग्रह धरला, तीही परिचारिकाच. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या पिशव्यांचा उगम एका बहिणीच्या कळवळ्यात आहे.

आपल्याकडेही आधार आहे. मुंबईला ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांना पिशव्यांपासून धीरापर्यंत मदत करते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमाची काळजी घेण्याचं खास शिक्षण परिचारिकांना मिळतं. कुठल्याही गावातल्या मोठ्या रुग्णालयात गेल्यावर 'इथं स्टोमा परिचारिका आहे का?' एवढं विचारायला लाजू नये. ऑक्टोबरात पाळला जाणारा जागतिक ऑस्टोमी दिन १९९३ साली सुरू झाला, तोही या विषयावरची चुप्पी मोडावी म्हणूनच.

चुप्पीवरून आठवलं. संक्रांतीचं हळदीकुंकू सुनेनं ठरवलं होतं. ताई म्हणाली, "मी आतच बसते. देवघरातही मी हल्ली जात नाही. अशा अंगानं कसं जायचं?"

सून म्हणाली, "आई, जे तुमच्या पिशवीत आहे तेच आमच्या सगळ्यांच्या पोटात आहे. आमचं दिसत नाही, एवढाच फरक."

मी काहीच बोलले नाही. सुनेनं सगळं सांगून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी ताई सकाळपासून वेळच्या वेळी खाऊन, पिशवी नीट रिकामी करून, नवी साडी नेसून बाहेर येऊन बसली. कानडी शेजारणींनी एळ्ळु-बेल्ल आणलं. तीळ, गूळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे. त्यातलं खोबरं आणि दाणे तिनं बाजूला ठेवले आणि घरची तिळगुळाची मऊ वडी चिमूटभर, चावून चावून खाल्ली. मध्येच पोट एकदा गुडगुडलं. ताईचा चेहरा पडला, पण बायकांच्या गप्पांत कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. आलं असतं, तरी काय बिघडलं असतं?

निघायच्या आदल्या दिवशी सुनेनं पावटा भिजवून, सोलून, अगदी मऊ शिजवला. ताईनं दुपारच्या भाताबरोबर दोन चमचे खाल्ले, टेबलावर, आमच्या सगळ्यांबरोबर. रात्री थोडा वारा धरला, बाकी काही नाही. वहीत तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं: 'पावटा. दोन चमचे. चालेल. रविवारीच.'

परवा भाच्याचा फोन आला. वजन दीड किलोनं वाढलंय. दुसऱ्या ऑपरेशनची तारीख अजून ठरायची आहे, पण सर्जन आता 'नाही' म्हणत नाहीत. तुमच्या घरी कुणी असं आतल्या खोलीत पेज घेऊन बसत असेल, तर आज त्यांचं पान आपल्या पानाशेजारी मांडा. वही उद्या आणली तरी चालेल.