अडलेली गाय पुन्हा फळवावी का?



बाळगोपाळांनो, आधी तुमच्यासाठी एक गंमत. आमच्या सिंगापुरातल्या बाळंतपणाच्या मोठ्या इस्पितळाला सगळे 'केके' म्हणतात. केके म्हणजे कंडांग कर्बाऊ, मलय भाषेत म्हशींचा गोठा! १९२४ साली ते बाळंतिणींचं इस्पितळ झालं आणि १९६६ या एका वर्षात तिथे ३९,८३५ बाळं जन्मली. त्या भागात पूर्वी खरोखरच गुरांचे गोठे होते. बेलिलिओस नावाचे ज्यू व्यापारी तिथे गुरांचा व्यापार करीत. त्यांच्या नावाचा रस्ता आजही आहे.

गोठा आठवायचं कारण म्हणजे अलिबागकडून आलेला भाचीचा फोन. "मावशी, गाय अडली होती गं. पहिलंच वेत. डॉक्टरांनी वासरू ओढून काढलं, ते काही जगलं नाही. गाय वाचली. आता तिला पुन्हा फळवू की नको?" प्रश्न साधा नाही. गाय व्याली नाही तर दूध नाही, आणि भाकड गाईला गिऱ्हाईक कुठलं?

मी माणसांची नर्स, गुरांची नव्हे. पण बाई अडली की डॉक्टर जे विचारतात तेच इथेही विचारायचं: का अडली? वासराचा पाय दुमडला असेल किंवा मान वळली असेल, तर तो त्या वेळेचा योग. पुढच्या वेळी सरळ विईल. कालवड लहान वयात फळवली असेल, तर दुसऱ्या वेतापर्यंत अंगाने भरते. पण कमरेचं हाड मोडून वाट अरुंद झाली असेल, तर पुन्हा फळवणं म्हणजे तिला मारणंच. गाभण असताना मायांग बाहेर येत असेल, तरीही नको. ते पुन्हा होतं आणि लेकींतही उतरतं.

भाचीच्या गाईचं कारण वेगळं निघालं. गाय आपली कोकणातली, चणीने लहान, आणि रेतन केलेलं मोठ्या विलायती जातीचं. वासरू मोठं होणारच! जावई म्हणतात, तेच रेतन पुन्हा हवं, दूध वाढेल. अहो, दूध गाय देते, वळू नाही. त्याचा गुण दिसला तर पुढच्या कालवडीत, आणि त्यासाठी ती जिवंत जन्मायला हवी. तेव्हा या वेळी लहान चणीच्या जातीचंच.

घाई मात्र नको. सरळ व्यालेल्या गाईलाही दोन महिने विसावा देतात, हिला तीन तरी द्यावेत. वार बारा तासांत पडली का, नंतर घाण वास किंवा ताप होता का, हे डॉक्टरांना सांगावं. त्यांनी गर्भाशय तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. (अडकलेली वार हाताने ओढायची नाही. बाईची नाही नि गाईचीही नाही.)

उन्हाचंही बघावं लागतं. इथे बुकिट तिमाहजवळ १९२९ साली डेअरी निघाली, थंड देशातल्या फ्रीजियन जातीच्या गाई ठेवून. पण उकाड्यात माज नीट दिसत नाही आणि गाभही कमी राहतो. भाचीची गाय फेब्रुवारीत व्याली. तीन महिने धरले तर ऐन मे महिना येतो. त्यापेक्षा पाऊस पडून हवा गार होऊ दे, असं मी सांगितलं. तोवर माज आला की कॅलेंडरवर खूण करायची. दर २१ दिवसांच्या सुमारास येतो का, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील.