आधी उजवा हात

गिटारच्या क्लासला नाव घातलेल्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात 'नीले नीले अंबर पर' वाजवायचं असतं. १९८३च्या 'कलाकार'मधलं हे गाणं कॉलेजच्या गॅदरिंगमधून अजून हललेलं नाही. कुणाला 'चुरा लिया है तुमने'ची भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली सुरुवात हवी असते. हौस रास्तच आहे, पण क्रम चुकतो. या सुरुवातींसाठी दोन्ही हातांची सफाई लागते. ती नसताना मागे लागलं की बोटांची टोकं हुळहुळतात, तारा भुणभुणतात आणि दोन-तीन महिन्यांत गिटार कपाटावर जाते. नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पहिल्या वर्षातच ती सोडून देतात, असं फेंडर या गिटार बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख असताना अँडी मूनी यांनी जाहीरपणे सांगितलं होतं.

यातली बरीच गळती टाळता येण्यासारखी आहे. त्यासाठी सुरुवातीचे महिने नव्या कॉर्ड्स गोळा करण्यात न घालवता दोन-तीन कॉर्ड्सची पूर्ण गाणी वाजवायला हवीत, आणि तीही गात गात. बहुतेक क्लासमध्ये उलटं चालतं. सी, डी, जी, ए मायनर अशा कॉर्ड्सची रांग आधी पाठ करून घेतली जाते आणि उजव्या हाताकडे नंतर पाहिलं जातं. ऐकणारा मात्र उजव्या हातावर जगतो. कॉर्ड क्षणभर उशिरा आली तरी गाणारे सांभाळून घेतात. ताल तुटला की गाणंच थांबतं.

'डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप' हा स्ट्रमिंगचा पॅटर्न जगभर नवशिक्यांना शिकवला जातो. तो वहीत बाणांनी काढून दिला की मुलं बाण पाठ करतात आणि हात अडखळतो. बाणांत एक गोष्ट दिसत नाही: हात कधीच थांबत नाही. तो एका आवर्तनात आठ वेळा हलतो, चारदा खाली आणि चारदा वर. दुसऱ्या आणि पाचव्या हालचालीला तो तारांना न शिवता नुसता हवेतून जातो. आठ म्हटल्यावर तबला ऐकत वाढलेल्याच्या डोक्यात केरवा सुरू होतो. केरव्याची सम पहिल्या मात्रेवर आणि काल पाचव्या मात्रेवर. या पॅटर्नमध्येही नेमकी पाचवी मात्रा मोकळी सुटते. एकाचा उगम दुसऱ्यात आहे असं मुळीच नाही, पण शिकवणाऱ्याच्या हाती यामुळे किल्ली लागते. गणपतीत आरतीला टाळ्या वाजवणारं, शाळेत लेझीम खेळलेलं, घरी भजनाचा ठेका ऐकलेलं मूल ताल अंगात घेऊनच क्लासला आलेलं असतं. त्याला बाण शिकवण्याआधी 'धा गे न ति न क धि न' म्हणायला लावावं आणि डाव्या हाताने तारा हलक्या झाकून उजवा हात नुसता फिरवून घ्यावा. पु. ल. देशपांड्यांनी चाल दिलेलं 'नाच रे मोरा' यासाठी उत्तम आहे. सोबत एकही कॉर्ड नसली तरी चालेल.

हात सुटा झाला, की मग गाणी. दोन कॉर्ड्सवर आख्खं गाणं उभं राहतं यावर नवशिक्यांचा विश्वास बसत नाही. हँक विल्यम्सचं १९५२चं 'जम्बालया' तसंच आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनच कॉर्ड्स आलटून पालटून येतात. बॉब मार्लीच्या १९७७च्या 'थ्री लिटल बर्ड्स'ला ए, डी आणि ई पुरतात. बॉब डिलनने १९७३मध्ये एका चित्रपटासाठी लिहिलेलं 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर' त्याच्या पुढचं. त्यात जी आणि डीनंतर एकदा ए मायनर येते, एकदा सी. लय संथ असल्याने बोटं हलवायला पुरेसा अवकाश मिळतो. ऑस्ट्रेलियन शिक्षक जस्टिन सँडरको यांनी लोकप्रिय केलेला एक सराव इथे जोडून घ्यावा. घड्याळ लावून एका मिनिटात दोन कॉर्ड्समध्ये किती वेळा ये-जा होते, ते रोज मोजायचं. आकडा वाढताना दिसला की मुलं स्वतःहून गिटार हातात घेतात.

घरोघरी म्हटलं जाणारं एक गाणं मात्र क्लासमध्ये सहसा शिकवलं जात नाही: 'हॅपी बर्थडे'. हिल भगिनींच्या १८९३च्या एका शाळागीताची ही चाल. तिला जी, सी आणि डी पुरतात. तीन-तीनच्या ठेक्यातली असल्याने दादऱ्याची सवय असलेल्या हाताला ती लगेच बसते. गंमत सुरुवातीला आहे. 'हॅपी' समेच्या आधी येतं आणि सम पडते 'बर्थ'वर. पहिला स्ट्रोक तिथेच द्यायचा. एवढं जमलं, तर त्या मुलाला वर्षभर घरच्या प्रत्येक वाढदिवसाला बोलावणं येईल. परीक्षेच्या कुठल्याही ग्रेडपेक्षा हे बोलावणं त्याला अधिक काळ टिकवून ठेवेल.

मराठी घरात पेटी असेल, तर कॉर्ड्स समजणं आणखी सोपं. जी हा सा धरला, तर सी म्हणजे म आणि डी म्हणजे प. तीन कॉर्ड्सची गाणी याच तीन स्वरांवर उभी असतात. गाणारी आई काळी चारमध्ये गात असेल, तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून तेच जी, सी, डीचे आकार वाजवावेत, स्वर आपोआप काळी चारचे होतात. कॅपो म्हणजे पळवाट, असं सांगणारे शिक्षक विद्यार्थ्याचं नुकसान करतात. गाणाऱ्याच्या गळ्याला जुळवून घेणं हे साथीदाराचं पहिलं काम आहे.

प्रत्येक मराठी गाणं मात्र या साच्यात बसवू नये. श्रीनिवास खळ्यांच्या चालींत मींड आणि वळणं इतकी नाजूक असतात, की तीन कॉर्ड्सचा रट्टा त्यांना इजा करतो. 'शुक्रतारा मंद वारा' नवशिक्यांनी प्रेमाने ऐकावं, वाजवण्याची घाई करू नये.

पालकांनी वाद्याकडेही बघायला हवं. स्वस्त गिटारच्या तारा अनेकदा फ्रेटपासून इतक्या वर असतात, की मोठ्या माणसाच्या बोटालाही त्या दबत नाहीत. मूल मग 'बोटं दुखतात' म्हणतं आणि घरचे त्याला आळशी ठरवतात. दुकानातच तारांची उंची कमी करून घ्यावी, .०१०च्या पातळ तारा बसवाव्यात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तारा गंजतात. वाजवून झाल्यावर त्या कोरड्या फडक्याने पुसल्या, तर अधिक टिकतात.

राहता राहिली एफ, नवशिक्यांना सर्वांत जास्त घाबरवणारी कॉर्ड. तिच्यासाठी पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं आणि त्याला मनगटाची तयारी लागते. तोवर एफ मेजर सेव्हन घ्यावी. ती तीन बोटांत होते आणि पहिली तार मोकळी राहते. बेन ई. किंगचं १९६१चं 'स्टँड बाय मी' सी, ए मायनर, एफ, जी याच चक्रावर पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरतं. तिथे एफच्या जागी ही सोपी कॉर्ड वाजवली तरी गाणाऱ्यांचं काही अडत नाही. महिना-दोन महिने तेच गाणं वाजवत राहिलं, की आडवं बोट हळूहळू बसू लागतं.